गुलमर्ग: गवताच्या कुरणाचा स्कीचा डोंगर कसा झाला

हिमरेषा

काश्मीरला जाऊन आलेल्या घरांत गुलमर्गचे फोटो असतातच. पाळण्यातला एक, भाड्याच्या ओव्हरकोटातला एक आणि स्लेजवरचा एक. पण स्की करणाऱ्यांच्या जगात या जागेचं नाव वेगळ्याच कारणासाठी घेतलं जातं, आणि त्याविषयी मराठीत फारसं बोललं जात नाही. म्हणून हा धागा. ज्यांना रोपवे, हिमस्खलन, स्कीचं सामान यांतलं कळतं त्यांनी भर घालावी.

आधी जागा समजून घेऊ. गुलमर्ग म्हणजे पीर पंजाल रांगेच्या काश्मीर खोऱ्याकडच्या अंगावर, साधारण २,६५० मीटरवर असलेलं वाटीसारखं खोलगट कुरण. श्रीनगरपासून ५० किलोमीटरच्या आसपास. शेवटचे १३ किलोमीटर तंगमर्गपासूनचा घाट. कुरणाच्या डोक्यावर अफरवटची धार आहे, तिचा माथा ४,२०० मीटरच्या जवळपास जातो. धार आणि कुरण यांच्या मधे दोन पायऱ्या आहेत, खिलनमर्ग आणि कोंगडोरी. खाली देवदार-फरचं जंगल, वर उघडा उतार. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी असं डोळ्यासमोर आणावं: पायथ्याला प्रशस्त पठार, मधे झाडीची पट्टी, आणि वर अखंड धार जिच्यावरून एकामागून एक सोंडा आणि घळी खाली उतरतात.

नाव आधी गौरीमर्ग होतं असं सांगतात. सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने ते गुलमर्ग केलं. जहांगीरने इथून २१ प्रकारची फुलं गोळा केल्याची आठवण सांगितली जाते. पुढे इंग्रजांनी उन्हाळा काढायला हीच जागा धरली, चर्च बांधलं, गोल्फचं मैदान केलं. म्हणजे तोवर हे गाव उन्हाळ्याचं होतं, हिवाळ्यात रिकामं.

हिवाळा आला १९२७ मध्ये. दोन ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला. नाताळ आणि ईस्टर असे वर्षातून दोन मेळावे भरत. लिफ्ट नव्हती. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे बांधून चालत वर जायचं, वर पट्टे सोडायचे आणि उतरायचं. धडधाकट माणूस अशा चढणीत तासाला ३००-४०० मीटर उंची कमावतो. गुलमर्गहून अफरवटच्या धारेशी जायला १,३०० मीटरच्या वर चढ आहे. हिशेब करा: चार तास चढ, अर्धा तास उतार, आणि दिवस संपला.

स्वातंत्र्यानंतर पहिलं पाऊल पर्यटनाने टाकलं नाही, सैन्याने टाकलं. डिसेंबर १९४८ मध्ये १९ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनने इथे स्की स्कूल सुरू केलं. तेव्हा डिव्हिजन मेजर जनरल थिमय्यांकडे होती. बर्फात हालचाल करता येणारे जवान तयार करणं ही त्या वेळची गरज होती. त्याच शाळेची १९६२ मध्ये हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली, आणि ती आजही तिथेच आहे.

१९६० च्या सुमारास पर्यटन खात्याने ऑस्ट्रियाचे रुडॉल्फ मॅट यांना जागा निवडायला बोलावलं. मॅट म्हणजे स्लॅलमचे, म्हणजे खुंटांमधून झपझप वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीचे, १९३६ चे जगज्जेते. त्यांनी गुलमर्गवर बोट ठेवलं. १९६८ मध्ये स्कीइंग आणि पर्वतारोहणाची सरकारी संस्था उभी राहिली आणि कुरणातल्या छोट्या उतारांवर ओढलिफ्ट आल्या. तरी धार अजून पायी जाणाऱ्यांचीच होती. ती सगळ्यांची झाली गोंडोलामुळे, म्हणजे बंद पाळण्यांच्या रोपवेमुळे, आणि तो सुरू करून पुरा व्हायलाही जवळजवळ दोन दशकं लागली.

----------

कातळकडा

उत्तम सुरुवात. एक प्रश्न. काश्मीरमध्ये पहलगाम आहे, सोनमर्ग आहे. मॅटसाहेबांनी गुलमर्गच का निवडलं असेल? बर्फ तर तिकडेही पडतो.

----------

हिमरेषा

त्यांच्या अहवालातलं वाक्य इथे देता येणार नाही, पण जमीन पाहिली की उत्तर दिसतं.

पहलगाम २,२०० मीटरच्या आसपास, नदीकाठच्या अरुंद खोऱ्यात आहे. उंची कमी म्हणून बर्फ लवकर पाणी धरतो, आणि गावातून सरळ वर चढणारा मोठा उघडा उतार नाही. सोनमर्गला उंची आहे, बर्फही भरपूर, पण तिथे जाणारा रस्ता हिमस्खलनाच्या घळींखालून जातो. २०२५ च्या जानेवारीत बोगदा सुरू होईपर्यंत ते गाव हिवाळ्यात तुटलेलंच असे. ज्या जागी जानेवारीत पोहोचता येत नाही तिथे स्कीचं गाव होत नाही.

गुलमर्गला तीन गोष्टी एका ठिकाणी मिळतात. शिकायला सौम्य उताराचं कुरण, त्याच्याच डोक्यावर मोठी धार, आणि घाटातून हिवाळाभर साफ ठेवता येणारा रस्ता. शिवाय पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं, खोऱ्यात शिरतात तेव्हा पीर पंजाल त्यांच्या वाटेत आडवा उभा असतो, त्यामुळे बर्फाचा मोठा वाटा या रांगेवर उतरतो.

----------

दोरकाम

गोंडोलाविषयी मी लिहितो, कारण गुलमर्गच्या घडणीत खरा बदल तिथे आहे.

फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीची ही यंत्रणा. त्या घराण्याचं नाव स्कीच्या इतिहासात जुनं आहे. जाँ पोमागाल्स्की यांनी १९३० च्या दशकात आल्प द्युएझ इथे ओढलिफ्ट बसवली, म्हणून बशीसारख्या तबकडीवर टेकून वर ओढत नेणाऱ्या लिफ्टला लोक आजही ‘पोमा’च म्हणतात. गुलमर्गचं काम १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. १९९० मध्ये परिस्थिती बिघडली आणि ते थांबलं. अर्धवट खांब बर्फात उभे राहिले. १९९८ मध्ये पहिला टप्पा चालू झाला, गुलमर्ग ते कोंगडोरी, साधारण ४०० मीटर चढ. मे २००५ मध्ये दुसरा टप्पा, कोंगडोरी ते अफरवटची धार, साधारण ९०० मीटर चढ, वरचं स्थानक ३,९८० मीटरच्या आसपास. नंतर कोंगडोरीपासून मेरी शोल्डरकडे जाणारी चेअरलिफ्ट आली. चार तासांची चढण वीसेक मिनिटांवर आली ती अशी.

आता यंत्र. आपल्याकडे रायगडचा पाळणा सगळ्यांनी पाहिलाय, त्याच्याशी तुलना करू. रायगडला एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, दोन्ही एकमेकींना तोलतात. प्रवासी चढेपर्यंत सगळं थांबतं. अंतर वाढवलं की फेरीचा वेळ वाढतो आणि तासाला नेता येणारी माणसं कमी होतात. गुलमर्गचा दोर थांबत नाही. तो दोन टोकांच्या मोठ्या चाकांभोवती अखंड फिरत राहतो. पाळण्याच्या डोक्यावर स्प्रिंगचा चिमटा असतो. स्थानकात शिरताना तो रुळावर चढून उघडतो, पाळणा दोरापासून सुटतो, टायरच्या रांगा त्याला चालण्याच्या वेगाने पुढे ढकलतात, लोक चढतात-उतरतात, मग टायर त्याला पुन्हा दोराच्या वेगाला आणतात आणि चिमटा बंद होतो. पहिल्या टप्प्याची क्षमता ताशी ६०० माणसं सांगितली जाते. सहा जणांचा पाळणा धरला तर दर ३६ सेकंदांनी एक पाळणा सुटायला हवा.

बिघडतं काय?

चिमट्याची पकड. दोरावर ओलं बर्फ किंवा पारदर्शक बर्फाचा थर बसला की घर्षण घटतं. म्हणून बंद होताना प्रत्येक चिमट्याची पकड मोजली जाते. मोजमाप कमी आलं तर पाळणा स्थानकाबाहेर पडायच्या आत यंत्र थांबतं.

खांबावरच्या कप्प्या. त्यांच्या कडेला रबराचा पट्टा असतो. तो एका बाजूने झिजला तर दोर हळूहळू कडेला सरकतो. दोर जागा सोडू लागला की तुटणारी एक पट्टी असते, ती तुटली की वीज कापली जाते. आडव्या वाऱ्यात पाळणे डोलतात आणि हाच दोर-कप्पीचा संबंध धोक्यात येतो. दुसरा टप्पा वारंवार बंद का ठेवतात याचं एक मोठं कारण हेच. खाली ऊन असतं, लोक रांगेत वैतागतात, पण वर धारेवर वारा सुटलेला असतो.

तिसरं म्हणजे दोराचा सांधा. दोराला टोकं नसतात, दोन टोकं एकमेकांत विणलेली असतात. सांध्याची लांबी दोराच्या जाडीच्या किमान १,२०० पट ठेवतात. ४० मिलिमीटरचा दोर असेल तर ४८ मीटर. लांबून तो सांधा कळतही नाही. दोराच्या आतली तुटलेली तार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चुंबकीय यंत्रातून सगळा दोर फिरवून तपासतात.

----------

कातळकडा

२०१७ चा अपघात यातल्या कशामुळे?

----------

दोरकाम

यातल्या कशामुळेच नाही. २५ जून २०१७ ला सोसाट्याच्या वाऱ्यात एक झाड उन्मळून पहिल्या टप्प्याच्या मार्गावर पडलं आणि पाळणा खाली कोसळला. सात जण गेले. दिल्लीचं चार जणांचं एक कुटुंब आणि तीन स्थानिक माणसं. पहिला टप्पा जंगलातून जातो. अशा मार्गावर दोराखालची पट्टी मोकळी असून भागत नाही. कडेचं झाड जेवढं उंच, तेवढ्या अंतरापर्यंत ते धोक्याचं. ३० मीटरचं झाड २० मीटरवर उभं असलं तरी दोराला गाठतं. तिरकी झाडं, मुळं उघडी पडलेली झाडं, उताराच्या वरच्या अंगाची झाडं दरवर्षी पाहून ठरवावी लागतात. जंगल राखणं आणि मार्ग राखणं यांची इथे खरी ओढाताण आहे, आणि वाऱ्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला की कुणाचंही न ऐकता दोर थांबवणं हाच त्यातला लगेच हाती असलेला उपाय आहे. त्या सात जणांची आठवण ठेवायची तर ती या नियमात ठेवावी.

----------

शीन_पाहुणा

काश्मिरीत बर्फाला शीन म्हणतात, म्हणून हे नाव घेतलंय. 🙂

वर धारेचा उल्लेख झाला. अफरवटचे उतार युरोपातल्या स्की-गावांसारखे सजवलेले नाहीत, हे नवख्यांना सांगायला हवं. कुरणातले आणि कोंगडोरीचे काही उतार यंत्राने दाबून सपाट करतात. वरच्या स्थानकातून बाहेर पडलात की मात्र नैसर्गिक डोंगर आहे. गोंडोलाच्या आसपासच्या ठरावीक पट्ट्यात गस्तीपथक काम करतं, हिमस्खलनाचा अंदाज लिहिलेला असतो, उतार उघडा की बंद ते सांगितलं जातं. त्या पट्ट्याबाहेर डाव्या-उजव्या घळींत गेलात की तुमचं तुम्ही.

कारण बघा. हिवाळ्यातला मुख्य वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून धारेवर आदळतो. गुलमर्गकडची बाजू म्हणजे वाऱ्याची आडोशाची बाजू. पलीकडचा बर्फ उचलून वारा तो इकडे टाकतो. आकाशातून ३० सेंटिमीटर पडला तरी धारेखालच्या घळीत एक मीटर साचलेला असू शकतो, आणि तोही दाबून बसलेल्या पाटीसारखा. उतार ३० ते ४५ अंशांमधला असेल तर पाटी सुटायला तो सर्वांत योग्य. त्याहून कमी उतारावर सहसा सुटत नाही, फार जास्त उतारावर साचतच नाही.

दुसरी गोष्ट खाली दडलेली असते. डिसेंबरात थोडासा बर्फ पडतो आणि मग आठवडे कोरडे, निरभ्र जातात. जमीन शून्याच्या आसपास, वरची हवा उणे दहा. थर ५० सेंटिमीटरचा असेल तर मीटरमागे २० अंशांचा फरक झाला. मीटरमागे १० अंशांच्या वर फरक गेला की बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि तळाचे कण साखरेसारखे टोकदार, सुटे होतात. हातात घेतले तर गोळा होत नाही, बोटांतून सांडतात. मग जानेवारीअखेरीस मोठं वादळ येतं आणि या साखरेवर दीड मीटर वजन टाकतं. घर वाळूवर बांधावं तसं. एक स्की वरून गेली तरी सगळं घसरायला पुरतं.

याची किंमत डोंगराने वसूल केली आहे. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला प्रशिक्षणात असलेले १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवरच्या हापतखुडला पोलंडचे दोन स्कीपटू गेले, १९ परदेशी पाहुण्यांना वाचवलं गेलं.  २२ फेब्रुवारी २०२४ ला रशियाचा एक. तारखा पाहा. कोरड्या पंधरवड्यानंतरचा मोठा बर्फ आणि त्याच्या मागचे पहिले दोन दिवस, ज्या दिवशी सगळ्यांना वर जायची घाई असते, तेच सर्वांत वाईट.

----------

अनघा_कोथरूड

वाचून काटा आला. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या दोघी यंदा गस्तीच्या पट्ट्याबाहेर गाइडबरोबर जायचं म्हणतायत. सोबत काय हवंच?

----------

शीन_पाहुणा

अनघाताई, प्रत्येकीकडे तीन वस्तू हव्यातच, फक्त गाइडकडे असून उपयोग नाही. ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (बर्फाखालून संदेश सोडणारं आणि दुसऱ्याचा संदेश शोधणारं यंत्र), किमान २४० सेंटिमीटरची दुमडणारी शोधकाठी आणि धातूच्या पात्याचं फावडं. प्लॅस्टिकचं फावडं नको, घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा होतो.

ट्रान्सीव्हर अंगावर, जॅकेटच्या आत बांधायचा. मोबाइल त्यापासून २० सेंटिमीटर लांब, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर लांब. अल्कलाइन सेल नवे घाला, रिचार्ज होणारे नकोत, त्यांचा आकडा फसवतो. निघताना गाइडने प्रत्येकीचा संदेश जवळून जाताना तपासायला हवा. तो तपासत नसेल तर तिथूनच परत फिरा.

कोणी गाडलं गेलं तर क्रम असा. शेवटची दिसलेली जागा डोळ्यांत पक्की धरायची. वरून आणखी काही सुटणार नाही ना ते बघायचं. बाकी सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधावर टाकायचा. एकीनेही प्रक्षेपणावर ठेवला तर सगळे तिच्याकडेच धावतात, ही चूक फार वेळा होते. संदेश मिळेपर्यंत ४० मीटरच्या पट्ट्यांत धावत, मिळाल्यावर बाणामागे. आकडा १० च्या आत आला की सावकाश, ३ च्या आत आला की यंत्र बर्फाला टेकवून आडवं-उभं फिरवायचं. सर्वांत लहान आकड्यावर काठी, उताराला काटकोनात, २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल-गोल बाहेर. लागली की काठी काढायची नाही. ती तशीच ठेवून तिच्या खालच्या अंगाने, गाडलेल्या खोलीएवढं अंतर सोडून खणायला घ्यायचं. आधी तोंड आणि छाती मोकळी.

पहिल्या दहा मिनिटांत काढलेली बहुतेक माणसं जगतात. अर्ध्या तासानंतर शक्यता फार खाली येते. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही. म्हणून तुमच्या बरोबरच्या दोघी म्हणजेच बचावपथक. कुरणात, एका पिशवीत चालू ट्रान्सीव्हर पुरून आधी चार-पाच वेळा सराव करा, पाच मिनिटांच्या आत काठी लागेपर्यंत.

----------

बर्फाळ_सदू

+१. आणि एक रात्र आधी गुलमर्गला मुक्काम करा. मुंबईहून सकाळच्या विमानाने येऊन दुपारी ३,९८० मीटरवर गेलं की डोकं ठणकतं, कारण तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या जरा वर. डोकं ठणकताना घेतलेले निर्णय चुकतात.

----------

मधुरा_ठाणे

आमच्यासारख्या अगदीच नवख्यांचं काय? मुलगा १४ वर्षांचा, मी ५२. कुरणातच शिकणार आहोत. सरकारी संस्थेचा १४ दिवसांचा कोर्स जमणार नाही, चार दिवस आहेत. भाड्याच्या दुकानात काय बघायचं?

----------

चुनखडी

मधुराताई, चार दिवसांत वळणं घेत थांबता येईल एवढं नक्की येतं. पण सगळा खेळ बुटात आहे. लोक स्कीच्या रंगाकडे बघतात आणि बूट मिळेल तो घेतात. तिथेच चार दिवस वाया जातात.

बुटाचा नंबर पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतो. घरीच भिंतीला टाच लावून माप घ्या. दुकानात बुटाचा आतला मऊ मोजा बाहेर काढायला सांगा, रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. एक ते दोन बोटं हवीत. तीन बोटं मावली तर बूट मोठा. मोठा बूट पहिल्या पाच मिनिटांना आरामाचा वाटतो, मग पाय आत हलतो, नडगी सोलते आणि स्की वळत नाही. पायमोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंत. दोन लोकरी मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. थर्मलची कड बुटात अजिबात नको, ती नडगीत रुतते. उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी लागावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकून सुटावीत. बसलं की झालं.

स्कीची लांबी शिकताना हनुवटी ते नाक. १७०-१८० ची लांब, रुंद स्की अफरवटच्या खोल बर्फासाठी असते, कुरणात ती अंगावर येते.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट पकडणारा खटका. त्यावर सुटण्याचा आकडा असतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुमचं कौशल्य यांवरून तक्त्यात बघून लावायचा असतो. ५० च्या वरच्या माणसांना तक्त्यात एक पायरी खाली लावतात. तुमचं वय ५२, हे दुकानदाराला आवर्जून सांगा. आकडा जास्त लागला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. तुमचा आणि मुलाचा जोड अदलाबदल करू नका, तळाची लांबी बदलली की टाचेचा तुकडाही सरकवावा लागतो.

एक छोटी गोष्ट, जी प्रत्येक वेळी करायची. खटक्यात पाय घालायच्या आधी बुटाच्या तळाचा बर्फ काठीने किंवा खटक्याच्या कडेवर घासून पूर्ण काढा. तळाला बर्फाची वडी राहिली तर बूट तिरपा बसतो, ‘खट्’ आवाज होतो पण पकड खोटी असते. अशी स्की भलत्या वेळी सुटते किंवा हवी तेव्हा सुटत नाही. नवख्यांची अर्धी पडझड याच वडीची.

बर्फात साधं वाहन तंगमर्गलाच सोडावं लागेल हे लक्षात ठेवा. ताजा बर्फ असला की चाकांना साखळ्या असलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडीच वर सोडतात.

----------

मधुरा_ठाणे

बर्फाची वडी! हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

----------

गढवाल_वाट

इतिहासाच्या अंगाने औलीचं नाव घ्यायला हवं, नाहीतर चित्र अपुरं राहतं. गुलमर्गचं काम बंद पडलं त्या काळात देशाला दुसरी जागा उत्तराखंडात, तेव्हाच्या उत्तर प्रदेशात मिळत होती. जोशीमठ ते औली हा साधारण ४ किलोमीटरचा रोपवे, १० खांबांचा, १९८० च्या दशकात कामाला घेतला आणि १९९० च्या दशकात सुरू झाला. तो रायगडच्या जातीचा, दोन मोठ्या पाळण्यांचा. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथे झाले, त्यासाठी उतार तयार केला, कृत्रिम बर्फाची यंत्रं आली आणि पाण्यासाठी तळं खोदलं.

पण पायथा कच्चा निघाला. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, हे १९७६ च्या मिश्रा समितीने सांगितलं होतं आणि जड बांधकाम टाळायला बजावलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये घरांना भेगा गेल्या आणि रोपवेही बंद करावा लागला. स्कीच्या डोंगराचं आयुष्य वरच्या बर्फाइतकंच खालच्या जमिनीवर असतं. गुलमर्गच्या कुरणात नव्या इमारतींना मर्यादा असावी असं जे लोक सांगतात, त्यांचं म्हणणं जोशीमठकडे बघून तरी गंभीरपणे घ्यायला हवं.

----------

हिमरेषा

खूप मोलाची भर. खेळाच्या बाजूने एवढंच जोडते: गुलमर्गला राष्ट्रीय हिवाळी खेळ १९९८, २००४ आणि २००८ मध्ये झाले, आणि मार्च २०२० मध्ये पहिले खेलो इंडिया हिवाळी खेळ. आणि याच उतारांवर वाढलेला तंगमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये ४५ वा. ज्या देशात नियम धरून राखलेले शर्यतीचे उतार बोटांवर मोजण्याइतके, तिथून हे येणं फार मोठी गोष्ट आहे.

----------

कातळकडा

पण बर्फच नसेल तर? जानेवारी २०२४ चे फोटो आठवतायत, सगळं कुरण पिवळं.

----------

हिमरेषा

हो. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस म्हणजे चिल्ला-ए-कलां. त्या दिवसांत पडलेला बर्फ थंडीने टिकतो, पुढच्या २० दिवसांच्या चिल्ला-ए-खुर्दमध्ये पडलेला त्यामानाने लवकर जातो. २०२४ मध्ये ते ४० दिवस जवळजवळ कोरडे गेले, बर्फ जानेवारीच्या शेवटी आला आणि खेळ फेब्रुवारीच्या उत्तरार्धात घ्यावे लागले. २०२५ मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीतले खेळ पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला झाले. सगळ्यांत आधी फटका बसतो कुरणाला, कारण ते खाली आहे, आणि नवखी माणसं, प्रशिक्षक, स्लेजवाले, भाड्याची दुकानं सगळी तिथेच असतात. वरच्या धारेवर बर्फ असला तरी या लोकांचं पोट भरत नाही.

----------

दोरकाम

कृत्रिम बर्फाचा हिशेब मांडतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

१ घनमीटर यंत्राच्या बर्फाला साधारण ४०० ते ५०० लिटर पाणी लागतं. समजा १,३०० मीटर लांब, ४० मीटर रुंद उतार आहे आणि ३० सेंटिमीटरचा थर हवा. ५२,००० चौरस मीटर गुणिले ०.३ म्हणजे १५,६०० घनमीटर बर्फ, म्हणजे ६० ते ८० लाख लिटर पाणी. तेही एका आठवड्याच्या थंड रात्रींत उपसायचं. उन्हाने गेलं की पुन्हा.

थंडी किती? नुसतं तापमान बघून चालत नाही, ओल्या फडक्याच्या तापमापकाचा आकडा उणे २-३ च्या खाली हवा. हवा कोरडी असेल तर थोडं जास्त तापमानही चालतं. कोरड्या जानेवारीतल्या निरभ्र रात्री गुलमर्गला एवढी थंडी असते, म्हणजे अडचण थंडीची नाही, पाण्याची आणि विजेची आहे. कोरडा हिवाळा म्हणजे ओढेही आटलेले. पाणी पावसाळ्यातच तळ्यात साठवायला हवं, आणि त्या तळ्यासाठी कुरण खोदायचं का, हा पुढचा प्रश्न. नळ गोठणाऱ्या थराच्या खाली पुरावे लागतात आणि यंत्र थांबताच रिकामे करावे लागतात, नाहीतर एका रात्रीत फुटतात. माझं मत: संपूर्ण उतार नको, शिकाऊ लोकांचा एक २०० मीटरचा पट्टा आणि लिफ्टखालची वाट एवढंच राखावं. त्याला ४० मीटर रुंदीने, याच हिशेबाने, १० ते १२ लाख लिटर पुरतं. आणि पडलेला बर्फ वाऱ्याने उडू नये म्हणून लाकडी पट्ट्यांची कुंपणं. ती स्वस्त आहेत, पाणी मागत नाहीत, आणि कुंपणाच्या आडोशाला मैदानापेक्षा कितीतरी जाड थर साचतो.

----------

मधुरा_ठाणे

शेवटचा प्रश्न. आमच्या तारखांना बर्फ कमीच असला, वीतभर, तर कुरणात शिकता येईल की कोंगडोरीला जावं?

----------

चुनखडी

कुरणातच. नवख्यांना हे उलटं वाटतं. कोंगडोरीच्या वर दगड आहेत, दगडाच्या उतारावर निर्धास्त स्की करायला मीटरभर थर लागतो. कुरणात खाली गवत आहे, आणि बऱ्याच भागात गोल्फसाठी सपाट केलेलं, कापलेलं गवत. तिथे वीत-दीड वीत दाबलेल्या बर्फावरही शिकता येतं.

थर वीतभर असेल तर सकाळी साडेनऊ ते बारा एवढाच वेळ धरा. रात्रीची गोठ तोवर टिकते, दुपारी खालून चिखल वर येतो. दगड लागला असा आवाज आला तर स्की उलटी करून तळ बघा. बोटाला लागेल अशी खोल चर असेल आणि आत पांढरा किंवा लाकडी थर दिसत असेल तर दुकानात लगेच दाखवा आणि जोड बदलून घ्या, कारण तिथून पाणी आत शिरतं आणि स्की फुगते. नुसते ओरखडे असतील तर चालवा. आणि स्की घेतानाच तळाचे फोटो काढून ठेवा, म्हणजे परत देताना जुन्या चरीचा वाद होत नाही.